भाऊबीज आणि धर्मराज

दिवाळीच्या दिवसांत भाऊबिजेइतका निर्मळ आनंदाचा दिवस दुसरा नाहीं, असें आपण लहानपणापासून समजत आलों. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं व्यापारी वह्यांची पूजा करितो, पाडव्याला जावयाच्या मानपानाची चिंता असते. बिजेला मात्र हिशेब नाहीं आणि मानपानहि नाहीं. पाट मांडावा, भोंवतीं रांगोळी घालावी, भावानें पाटावर बसावें, बहिणीनें त्याच्या कपाळीं कुंकू लावून अंगठी व सुपारी ओंवाळावी, मग निरांजनानें ओंवाळावें, आणि भावानें तबकांत ओंवाळणी घालावी, एवढाच काय तो विधि. त्याला मंत्र लागत नाहीं कीं भटजी लागत नाहीं. घरांतील सात वर्षांच्या मुलीलाहि तो कोणी शिकवावा लागत नाहीं. आईचें पाहून तिला तो आपोआप येतो.

परंतु पंचांग उघडून पाहिलें म्हणजे या दिवसापुढें 'भाऊबीज' या नांवाशेजारीं दुसरें एक नांव छापलेलें आढळतें : यमद्वितीया. ज्याचें नांव मंगल प्रसंगीं उच्चारूं नये अशी आपली रीत, त्या यमाचें नांव वर्षांतल्या सर्वांत लडिवाळ सणाला कां मिळावें? एखाद्या पुराणिकास विचारलें तर तो यमुनेची कथा सांगतो व मोकळा होतो. कथा गोड आहे. पण तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. कथा अशीच कां घडली, आणि तिचा आपल्याशीं, विशेषतः आपणां भाऊ म्हणविणाऱ्यांशीं, कोणता संबंध आहे, हें शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भाऊबीज हा दिवाळीचा मूळचा भाग नव्हे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पांचव्या खंडांत हा सण वस्तुतः स्वतंत्र असून आनंदाच्या दिवसांना आनंदाचा म्हणून जोडला गेला असावा, असें मत दिलें आहे. तें आम्हांस मान्य आहे. तथापि जोडणाऱ्यांच्या मनांत आनंदाखेरीज दुसराहि एक धागा असावा असें आम्हांस वाटतें. धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं आपण घराबाहेर दक्षिणेकडे ज्योत करून दिवा ठेवितों, तो यमासाठीं. चतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमाच्या चौदा नांवांनीं तर्पण करावें असें सांगितलें आहे. आणि बीज तर त्याच्याच नांवाची. म्हणजे दिवाळीच्या आरंभीं यम आहे आणि शेवटींहि यम आहे. मधल्या अमावास्येला लक्ष्मी येते. आपल्या पूर्वजांनीं दिव्यांचा उत्सव योजिला तो अंधाराकडे पाठ फिरवून नव्हे, हें यावरून दिसतें.

आतां यमाचें घराणें पाहूं. ऋग्वेदांत यम हा विवस्वानाचा पुत्र, आणि 'यम' या शब्दाचा तेथला सरळ अर्थ जुळा असा आहे. त्याच्याबरोबर जन्मलेली बहीण ती यमी. इराणी लोकांच्या अवेस्तांत याच पुरुषाला यिम म्हटलें असून त्याच्या बापाचें नांव विवंघ्वंत असें आहे. तेव्हां हीं भावंडें भारतीय व इराणी शाखा विभक्त होण्यापूर्वींचीं आहेत यांत शंका नाहीं. पुढें दोहोंकडे त्यांची गोष्ट निरनिराळी झाली. इराणांतील उत्तरकालीन पहलवी ग्रंथांत या जुळ्यांचा एकमेकांशीं विवाह झाल्याचें सांगितलें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळांतील दहाव्या सूक्तांत, म्हणजे यमयमीच्या प्रसिद्ध संवादांत, तोच प्रश्न उभा राहतो आणि यम त्याला स्पष्ट नकार देतो. चौदा ऋचांच्या या सूक्तांत यमी आर्जव करिते, युक्तिवाद करिते, शेवटीं रागावते. यम आपल्या जागेवरून हलत नाहीं. मित्रावरुणांचा नियम आहे, देवांचे हेर रात्रंदिवस जागे आहेत, असें तो तिला बजावतो.

हें सूक्त पुष्कळांस वाचतांना संकोच वाटतो. आम्हांस मात्र त्यांत मनुष्यजातीच्या इतिहासांतील एक मोठा क्षण सांठविलेला दिसतो. पुरुषानें स्त्रीकडे पाहण्याची, तिच्यावर कसलाहि अधिकार न सांगणारी, अशी एक दृष्टि आहे, हें येथें प्रथम ठरलें. कुठें थांबावें हें यमाला कळलें म्हणून भाऊ हें नातें निर्माण झालें. पुढील काळांत 'यम' या शब्दाचा अर्थ आवरणें, नियमन करणें या धातूशीं जोडला गेला. व्याकरणाच्या दृष्टीनें जुळा हाच अर्थ आधींचा असो. कथेच्या दृष्टीनें दोन्ही अर्थ एकाच पुरुषांत सुखानें नांदतात.

यमयमीची दुसरी एक गोष्ट मैत्रायणी संहितेंत आली आहे. ती फारशी कोणास ठाऊक नाहीं, म्हणून थोडी विस्तारानें सांगतों. यम मर्त्य होता, आणि मर्त्यांत मृत्यूची वाट पहिल्यानें चालून गेला तोहि तोच. त्याच्या मागें यमी रडूं लागली. देव तिचें सांत्वन करूं लागले, पण ती एकच उत्तर देई : तो आज गेला. त्या काळीं दिवसच होता, रात्र नव्हती. त्यामुळें 'आज' कधीं संपत नसे आणि दुःखहि जुनें होत नसे. तेव्हां देवांनीं विचार केला कीं, अशानें ही त्याला विसरणार नाहीं. आपण रात्र उत्पन्न करूं. रात्र झाली, तिच्यामागून उद्यां उगवला, आणि मग यमीला विसर पडला. जगांत रात्र कशी आली याचें उत्तर पुष्कळ राष्ट्रांच्या पुराणकथांत दिलेलें आढळतें. परंतु एका बहिणीचें रडें थांबावें म्हणून रात्र झाली हें उत्तर आमच्याच ऋषींना सुचलें. पहिला मृत्यु भावाचा आणि पहिला शोक बहिणीचा, अशी ही सांखळी आहे.

वैदिक वाङ्मयांत यमीच्या घरच्या जेवणाची कथा नाहीं, ती पुराणांची. तेथें सूर्य आणि संज्ञा यांचीं मुलें म्हणून यम व यमुना येतात, आणि वेदांतली रडणारी यमी वाहणारी नदी होते. कार्तिक शुद्ध द्वितीयेस यमुनेनें यमाला आपल्या घरीं बोलावून जेवूं घातलें, तो संतुष्ट झाला, आणि या दिवशीं जो बहिणीच्या हातचें जेवील त्याला माझें भय नाहीं असा त्यानें वर दिला, एवढी मूळ कथा. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत चतुर्वर्गचिंतामणि नांवाचा प्रचंड ग्रंथ रचिला. त्याच्या व्रतखंडांत भविष्यपुराणाच्या आधारें हें व्रत आलें आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळच्या महाराष्ट्रांतील पंडितांना ही बीज चांगली परिचित होती.

या कथेचें मर्म नीट ध्यानांत यावयाचें तर तिच्याशेजारीं कठोपनिषदांतील नचिकेत्याची कथा ठेवून पाहावी. तेथें यम यजमान आहे आणि एक ब्राह्मणकुमार त्याच्या दारीं तीन रात्री उपाशी बसला आहे. यम घरीं परत येतो तेव्हां अतिथि उपाशी राहिला या विचारानें भितो, आणि तीन रात्रींबद्दल तीन वर देतो. यमद्वितीयेला उलट प्रकार आहे. येथें यम स्वतः पाहुणा आहे, आणि जिच्या घरीं तो आला ती त्याला उपाशी ठेवीत नाहीं. एका कथेंत ज्ञानाच्या ओढीनें मृत्यूपुढें बसलेला मुलगा आहे, दुसरींत मायेनें मृत्यूला पाटावर बसविणारी बहीण आहे. दोघेहि त्याला भीत नाहींत आणि दोघांनाहि तो वर देतो. उपनिषद् विद्वानांकडे राहिलें. बीज मात्र घरोघर गेली.

ती कोठवर गेली हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. मथुरेस विश्रामघाटावर या दिवशीं भावाबहिणी हात धरून यमुनेंत स्नान करितात. बंगाल्यांत बहीण भावाच्या कपाळीं चंदनाचा टिळा लावितांना यमाच्या दाराशीं कांटा टाकल्याचें म्हणते. नेपाळांत पांच दिवसांच्या तिहाराचा पहिला दिवस कावळ्याचा आणि दुसरा कुत्र्याचा, कारण दोघेहि यमाचे दूत मानलेले. आणि शेवटच्या दिवशीं बहीण भावाभोंवतीं तेलाची रेघ काढिते, दाराशीं अक्रोड फोडिते, सात रंगांचा टिळा लाविते आणि लवकर न सुकणाऱ्या मखमलीच्या फुलांची माळ त्याच्या गळ्यांत घालिते. आमच्या महाराष्ट्रांत जिला भाऊ नाहीं ती अंगणांत येऊन चंद्राला ओंवाळते. म्हणूनच तो मुलांचा चांदोमामा झाला असावा, असें आम्हांस लहानपणीं वाटे. उत्तरेकडील कायस्थ याच दिवशीं यमाचा लेखक चित्रगुप्त याची, व त्याच्याबरोबर दौत-लेखणीची पूजा करितात. बिजेला हिशेब नाहीं असें आम्हीं आरंभीं म्हटलें खरें; पण यमाच्या वहीची आठवण ज्या दिवशीं होते तो हाच दिवस आहे.

जैन परंपरेंतील हकीकत याहून हृदयस्पर्शी आहे. कार्तिकी अमावास्येला पावापुरीस महावीरांचें निर्वाण झालें. त्यांचे वडील बंधु नंदिवर्धन शोकानें अन्नपाणी सोडून बसले, तेव्हां त्यांची बहीण सुदर्शना हिनें बिजेच्या दिवशीं त्यांना आपल्या घरीं नेऊन समजाविलें व जेवूं घातलें. यांत यम नाहीं, यमुना नाहीं, वर नाहीं. परंतु भाऊ गेल्याचें दुःख, बहिणीचें घर आणि जेवणाचें ताट या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा आहेत. यमीच्या कथेंत बहीण रडली आणि देवांना रात्र निर्माण करावी लागली. येथें बहिणीनें स्वतःचें दुःख बाजूला ठेवून भावाला उठविलें. दोन पंथांच्या परंपरा या एका तिथीला एकत्र येतात, त्याचें कारण तिथीपेक्षां अनुभवांत शोधावें हें बरें.

आतां ज्या गोष्टीकडे आमचें लक्ष बरेंच उशिरां गेलें तिच्याकडे वळतों. निबंधकारांनीं या दिवसाचा जो विधि सांगितला आहे त्यांत मुख्य कलम असें कीं, भावानें त्या दिवशीं आपल्या घरीं जेवूं नये. बहिणीच्या घरीं जाऊन तिच्या हातचें जेवावें आणि तिला वस्त्रालंकार द्यावे. सख्खी बहीण नसेल तर चुलत, मामे, आते अशी कोणतीहि बहीण मानावी. विधि भावाला घराबाहेर काढतो. हल्लीं आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं बहीणच माहेरीं येऊन ओंवाळते. तें सोयीचें आहे, परंतु त्यानें एक गोष्ट हरवली. जुन्या चालीप्रमाणें मुलीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरीं जेवत नसत. माहेरच्या माणसांपैकीं हक्कानें तिच्या ओसरीवर चढूं शके, तिच्या चुलीपर्यंत जाऊं शके, असा एक भाऊच. वर्षांतून एकदां तो गेला म्हणजे ती कशी राहते, काय खाते, अंगावरचें लुगडें कसें आहे, हांसते ती मनापासून कीं सासूच्या देखत, हें तो डोळ्यांनीं पाही. जात्यावरच्या ओव्यांत मुराळी होऊन येणाऱ्या भावाची जी अखंड वाट पाहिलेली आहे तिचें मूळ यांत आहे. पुण्याचे गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनीं जमविलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखावर गेली. त्यांतून भाऊ काढला तर किती उरतील, हें वाचकांनीं आपल्या आजीला स्मरून ठरवावें.

तथापि भाऊ बहिणीकडे जातो आणि ओंवाळणी घालितो, येथेंच शास्त्र थांबलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. शास्त्र पुढें जातें. मनूनें दायभागांत सांगितलें आहे कीं, भावांनीं आपापल्या वांट्यांतून चौथा हिस्सा अविवाहित बहिणींना द्यावा, आणि जे देणार नाहींत ते पतित होत. याज्ञवल्क्यानेंहि हा चौथा हिस्सा सांगितला आहे. या वचनांचा अर्थ काय, यावर मोठा वाद झाला. कित्येकांचें म्हणणें असें कीं, चौथा हिस्सा हें नुसतें बोलणें आहे; बहिणीचें लग्न होईल एवढा खर्च केला म्हणजे झालें. चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणांत बसून मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें हें मत खोडून काढिलें. हिस्सा म्हणजे हिस्सा, आणि बापाच्या मागें कन्याहि अंशाची धनीण आहे, असा त्याचा आशय आहे. ही गोष्ट सुमारें नऊशें वर्षांपूर्वींची आहे, हें लक्षांत ठेवावें. कारण 'तिच्या लग्नांत काय थोडें केलें?' हा प्रश्न आपण आजहि ऐकतों, आणि तो आपल्याला फार व्यवहारी वाटतो.

यापुढची हकीकत एकाच घरांतली आहे. पैठणाहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत दोन चुलतभाऊ मोठे ग्रंथकार झाले. कमलाकरभट्टानें सन 1612 मध्यें निर्णयसिंधु पुरा केला. कोणतें व्रत कोणत्या तिथीस करावें याचा निर्णय महाराष्ट्रानें पुढें बराच काळ त्यांतून घेतला, आणि यमद्वितीयेचा निर्णयहि त्यांत आहे. दुसरा नीलकंठभट्ट. यानें भरेहच्या भगवंतदेव राजाच्या आश्रयानें बारा मयूख लिहिले, त्यांपैकीं व्यवहारमयूख हा पुढें मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण ठरला. काणे यांनीं तो 1926 सालीं संपादून छापिला. भावाच्या मागें त्याच्या धनाला वारस कोण, हें सांगतांना नीलकंठानें आजीच्या नंतर बहिणीला स्थान दिलें. लग्नानें ती दुसऱ्या गोत्रांत गेली, तिचा येथें काय संबंध, ही शंका त्यानेंच काढिली व उत्तर दिलें कीं, गोत्र आतां एक नसलें तरी तिचा जन्म या गोत्रांतला आहे, आणि वारसाला तेवढें पुरें. वारसांच्या रांगेंत तिची जागा बरीच खालची होती, हें कबूल केलें पाहिजे. परंतु लग्न झालें म्हणून जन्म पुसला जात नाहीं, हें तत्त्व त्यानें ग्रंथांत घालून ठेविलें. एका भावानें बहिणीकडे जेवावयास केव्हां जावें तें सांगितलें, दुसऱ्यानें ती आपली कां तें सांगितलें. आम्हीं मात्र पहिल्याचा ग्रंथ देवघराजवळ ठेविला आणि दुसऱ्याचा वकिलांकडे पाठविला.

त्यानंतरचा इतिहास कायद्याच्या पुस्तकांत आहे, तो थोडक्यांत सांगतां येतो. मुंबई इलाख्यांत एकोणिसाव्या शतकांतच न्यायालयांनीं बहिणीला वारस मानलें. मिताक्षरा मानणाऱ्या इतर प्रांतांत त्यासाठीं 1929 चा कायदा व्हावा लागला. हिंदु संहितेचें विधेयक रखडलें, त्या खेदानें 1951 मध्यें डॉ. आंबेडकरांनीं मंत्रिपद सोडलें. 1956 च्या वारसा कायद्यानें बापाच्या स्वतःच्या मिळकतींत मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः हक्क महाराष्ट्रानें 1994 मध्यें दिला, पण त्यापूर्वीं लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या दुरुस्तीनें ती अट गेली, आणि 2020 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, हा हक्क जन्मानेंच येतो. 2005 सालीं बाप हयात असणें जरूर नाहीं. जन्म पुसला जात नाहीं, हा नीलकंठाचा मुद्दा होता. त्याला इतकें व्यापक रूप येण्यास जवळजवळ चारशें वर्षें लागलीं.

परंतु कायद्यानें जें दिलें तें घरांत कसें परत घेतलें जातें, हें आम्हांस ग्रंथावरून शिकावें लागलें नाहीं. आमचे वडील 2009 सालीं वारले. गांवीं घर आणि थोडी बागायत होती. वर्षश्राद्ध झाल्यावर नांवें लावण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां तलाठ्याकडे जाणाऱ्या कोणालाहि जो सल्ला मिळतो तोच आम्हांस मिळाला : बहिणीचें हक्कसोडपत्र घ्या, म्हणजे पुढें कटकट नको. आमची थोरली बहीण एस. टी. नें तालुक्याच्या गांवीं आली. येतांना डब्यांत आमच्या आवडीचे नारळीपाकाचे लाडू घेऊन आली. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत तिनें दाखविलें तेथें सही केली, अंगठा उमटविला, आणि बाहेर आल्यावर विचारलें, "दिवाळीला येशील ना रे?" आम्ही गेलों. नेहमींपेक्षां भारी साडी नेली. तिनें ओंवाळलें. कांहीं चुकलें आहे असें त्या दिवशीं आमच्या मनांतहि आलें नाहीं. उलट आपण चांगले भाऊ आहों, असेंच वाटलें.

पुढें कांहीं वर्षांनीं एका बिजेला कांहीं कामासाठीं सातबाऱ्याचा उतारा आमच्या पिशवींत होता. तो तिच्या हातीं लागला. तिनें चष्मा लावून तो सावकाश वाचला. बापाचें नांव कंसांत गेलेलें, आमचें नांव उघडें. तिनें घडी घालून कागद परत दिला आणि म्हणाली, "जमिनीचें मी काय करणार, बाबा? पण नांव काढायला नको होतें." एवढेंच. लगेच ती पानें वाढूं लागली. त्या दिवसापासून आम्ही यमद्वितीयेच्या ग्रंथांकडे वळलों, हें येथें सांगितलें पाहिजे. एरवीं वाचकांना वाटावयाचें कीं, हें संशोधन केवळ विद्येच्या प्रेमानें झालें.

यावर कोणी म्हणेल कीं, बहिणी स्वखुषीनें हक्क सोडतात. त्यांना माहेर हवें असतें, जमीन नव्हे. ही गोष्ट बऱ्याच अंशीं खरी आहे, आणि म्हणूनच ती लाजिरवाणी आहे. माहेर आणि हिस्सा यांपैकीं एकच निवड, अशी अट बहिणीला कोणी घातली? हिस्सा मागितला तर भाऊ दाराशीं उभा राहणार नाहीं, बिजेचा पाट रिकामा राहील, हें भय तिच्या मनांत कोणी घातलें? तें कोणी उघड बोलत नाहीं. बोलावें लागत नाहीं. जी बहीण मृत्यूपासून भावाचें रक्षण व्हावें म्हणून दिवा लाविते, तिलाच भाऊ जिवंतपणीं अंतरेल कीं काय, या भयानें सही करावी लागते. शेतकऱ्याच्या घरांत तीन एकरांचे वांटे करून कोणाचेंच पोट भरत नाहीं, ही अडचण खोटी नाहीं. परंतु ती अडचण चार भावांत वांटणी करितांना कधीं आड आली नाहीं, बहिणीच्या वेळींच कां आठवते, याचें उत्तर ज्यानें त्यानें द्यावें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे परत येऊं. या सणाला यमाचें नांव कां? यम हा केवळ मृत्यूचा देव नव्हे. त्याला आपण धर्मराज म्हणतों, कारण जो ज्याचा वांटा तो त्याला बिनचूक देणें हें त्याचें काम. आणि त्याला पितृपति म्हणतों, कारण गेलेल्या वाडवडिलांचा तो स्वामी. बापाच्या मागें घरांतील भाऊ याच दोन्ही पदांवर बसतो. बापाचें जें कांहीं राहिलें तें त्याच्या हातीं असतें, आणि तें कोणाला किती द्यावयाचें हें त्याच्या मनावर असतें. बिजेच्या दिवशीं बहीण ज्याला पाटावर बसविते तो तिचा लाडका भाऊ तर असतोच. पण तिच्यापुरता तो धर्मराजहि असतो. ती त्याच्या आयुष्यासाठीं दिवा ओंवाळते, आणि त्याच दिव्याच्या उजेडांत त्याचें तोंड पाहते. निदान आम्हांस तरी त्या दिवसापासून तसें वाटूं लागलें आहे.

पतंजलीनें योगाचीं आठ अंगें सांगितलीं, त्यांतलें पहिलें यम. त्या यमांत अस्तेय आहे, म्हणजे दुसऱ्याचें न घेणें. आणि अपरिग्रह आहे, म्हणजे जरुरीबाहेर न सांठविणें. ऋग्वेदांतील यमानें बहिणीपुढें स्वतःला आवरलें तेव्हां भाऊपण जन्मलें, हें आम्हीं वर सांगितलें. त्या काळीं आवरावयाची वासना निराळी होती. आतां लोभ आवरावयाचा आहे. नात्याचें रक्षण करावयाचें तर आपल्या हाताला कोठें तरी थांबवावें लागतें, हा धडा मात्र तोच आहे. यमद्वितीयेचा आध्यात्मिक अर्थ यापेक्षां गूढ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बहिणीच्या घरीं जेवल्यानें नरक टळतो असें पुराण सांगतें. बहिणीचें बुडवून तिच्या घरीं जेवल्यानेंहि तो टळतो, असें कोठें म्हटलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

ओंवाळणी बंद करावी असें आम्ही म्हणत नाहीं. प्रेमानें दिलेल्या साडीची जागा खरेदीखतानें भरून निघत नाहीं, आणि घरांतले सगळे व्यवहार कागदावर आले म्हणजे घर सुधारलें असेंहि नव्हे. परंतु ओंवाळणी वेगळी आणि हिस्सा वेगळा. हिस्सा ज्याच्या पदरीं सुरक्षित आहे त्याला ओंवाळणी शोभते. हिश्श्याच्या बदल्यांत दिलेली ओंवाळणी ही विक्रीची किंमत होय, आणि किंमत म्हणून पाहिली तर ती फार थोडी आहे.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर बहिणीच्या नांवें बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडून करून घेतला आहे. तो घेऊन गेलों तेव्हां ती म्हणाली, "आतां या वयांत कशाला?" पण कागदावरचें तिचें नांव तिनें दोनदां वाचलें. हें कांहीं मोठें दान नव्हे; नाहीं तें काढून घेतलें होतें, तें परत जात आहे, आणि तेंहि उशिरां. येत्या बिजेला आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण कोठें ना कोठें पाटावर बसतील. ओंवाळून घेतांना समोरच्या निरांजनाकडे पाहावें आणि आपल्या घरच्या उताऱ्यावर त्या हातांच्या धनिणीचें नांव आहे कीं नाहीं, एवढें मनाशीं आठवून पाहावें, इतकीच विनंति आहे.